अंगठी कोणत्या बोटात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अंगठीविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली आहे: अमुक बोटात अंगठी घातली तर तिचा अर्थ काय होतो, आणि तो अर्थ ठरवला कोणी? सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: विवाहाची अंगठी डाव्या हाताच्या अनामिकेत घालतात, कारण त्या बोटातून एक शीर थेट हृदयाकडे जाते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर: शरीररचनेच्या दृष्टीने काहीच तथ्य नाही. पाचही बोटांतले रक्त परतताना प्रामुख्याने हाताच्या पाठीवरील शिरांच्या जाळ्यात येते आणि तेथून दंडातल्या, मग काखेतल्या मोठ्या शिरांतून छातीकडे जाते. अनामिकेसाठी निराळी वाट नाही, आणि या बाबतीत डाव्या हाताला उजव्यापेक्षा अधिक मानही नाही.

समजूत मात्र फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस याने तिची नोंद केली असून तिचे श्रेय त्याने अपियन या ग्रीक पंडिताला दिले आहे. इजिप्तमध्ये प्रेते उघडून पाहण्याची रीत होती आणि तसे पाहताना याच एका बोटापासून हृदयापर्यंत गेलेला अतिशय बारीक तंतू आढळला, असे अपियनचे म्हणणे होते. म्हणजे मूळ गोष्टीत शीर नव्हती, तंतू होता. त्याची शीर पुढे झाली, आणि इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापर्यंत तिला ‘प्रेमाची शीर’ असे लॅटिन नावही मिळाले.

मला स्वतःला प्राचीन रोममधलेच दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. मॅक्रोबियस या लेखकाने ते अतेईयस कॅपिटो या रोमन कायदेपंडिताच्या नावावर सांगितले आहे. कॅपिटोच्या मते प्राचीन लोक अंगठी शोभेसाठी नव्हे, तर मोहोर उठवण्यासाठी बाळगत, त्यामुळे ती एकच असे आणि कोणत्याही हातात, कोणत्याही बोटात चालत असे. पुढे तिच्यात कोरीव मौल्यवान खडे बसू लागले, आणि सतत कामात असलेल्या उजव्या हातात ते फुटण्याची भीती असल्याने अंगठी डाव्या हातात गेली. मग बोट कोणते, याचा त्याने केलेला विचार तर एखाद्या कारागिराला शोभावा असा आहे. अंगठा कधीच रिकामा नसतो. तर्जनी एका बाजूने उघडी पडते, कारण अंगठा तिच्यापेक्षा खाली असतो. मध्यमा फार मोठी आणि करंगळी फार लहान. उरते ते या दोघींच्या मध्ये झाकलेले, सर्वांत कमी काम करणारे बोट. आपला डावा हात टेबलावर ठेवून पाहावा, कॅपिटोचा प्रत्येक मुद्दा डोळ्यांसमोर दिसतो. हृदयाची गोष्ट सुंदर आहे आणि लग्नाच्या प्रसंगी ती सांगण्यात काही गैर नाही, पण बोटाची निवड खडा जपण्यासाठी झाली असावी, असे मानायला मला अधिक आधार दिसतो.

रोममध्येसुद्धा ही रीत कायम नव्हती. पहिल्या शतकातील थोरला प्लिनी लिहितो की, नुमा आणि सर्व्हियस टलियस या प्राचीन राजांच्या पुतळ्यांवर अंगठी अनामिकेत दिसते, त्यानंतर लोक ती तर्जनीत घालू लागले, मग करंगळीत. गॉल (म्हणजे साधारणतः आजचा फ्रान्स) आणि ब्रिटन येथील लोक ती मध्यमेत घालतात असे त्याने ऐकले होते, आणि त्याच्या स्वतःच्या काळात रोमन लोक नेमकी मध्यमा तेवढी सोडून बाकीची सगळी बोटे अंगठ्यांनी भरत होते. वाग्दत्त वधूला त्या काळीही लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवली जात असे, हेही त्यानेच सांगितले आहे.

प्रश्न: माझ्या भाच्याचा विवाह एका जर्मन मुलीशी ठरला आहे. तिच्या घरी लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतात. आमच्या नातेवाइकांत यावरून बरीच चर्चा झाली. योग्य हात कोणता?

उत्तर: दोन्ही योग्य आहेत, आणि कोणालाही नमते घेण्याची गरज नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियामध्ये साखरपुड्याची अंगठी साधारणतः डाव्या हातात आणि लग्नाची उजव्या हातात असते. पुष्कळ जोडपी तीच अंगठी लग्नाच्या दिवशी डावीकडून उजवीकडे नेतात. ब्राझीलमध्ये याच्या अगदी उलट चालते: वाङ्‌निश्चयानंतर अंगठी उजव्या हातात आणि विवाहानंतर डाव्या हातात. रशिया, ग्रीस, पोलंड आणि नॉर्वे येथे विवाहित व्यक्तीची अंगठी उजव्या हातात दिसते. ऑर्थोडॉक्स चर्चच्या विधीत धर्मगुरू वधूवरांच्या उजव्याच हातात अंगठ्या घालतात.

आज ज्या इंग्रजी रीतीला जगभर ‘मूळ रीत’ समजले जाते, तीदेखील एकदा बदललेली आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधील प्रचलित विधीत वधूचा उजवा हात पुढे असे. वर अंगठी प्रथम तिच्या अंगठ्यावर ठेवून ‘पित्याच्या नावाने’ म्हणे, मग तर्जनीवर ‘पुत्राच्या’, मध्यमेवर ‘पवित्र आत्म्याच्या’, आणि अनामिकेवर ‘आमेन’ म्हणून ती तेथे सरकवून देई. त्या रीतीत अनामिकेला अंगठी मिळाली ती प्रार्थनेचा शेवटचा शब्द तेथे येतो म्हणून. हृदयाचा तेथे उल्लेखच नाही. पुढे १५४९ साली इंग्लंडच्या चर्चने नवे प्रार्थनापुस्तक काढले आणि त्यात डाव्या हाताचे चौथे बोट असा स्पष्ट शब्द घातला. चर्चमध्ये कडक सुधारणा मागणाऱ्या त्या शतकातील प्युरिटन पंथीयांना तर विवाहविधीत अंगठीच नको होती.

ज्यू विवाहविधीत वर वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो. अंगठी साधी, बिनखड्याची असावी असा संकेत आहे, कारण विवाहात दिलेल्या वस्तूचे मोल वधूला नीट समजले पाहिजे आणि खड्यामुळे त्यात फसगत होऊ शकते. तर्जनी हे पुढे करून दाखवण्याचे बोट आहे. साक्षीदारांना अंगठी स्पष्ट दिसते. विधी संपल्यावर वधू ती हव्या त्या बोटात घालू शकते.

आपल्या भाच्याने आणि त्याच्या वाग्दत्त वधूने एकमेकांशी बोलून हात ठरवावा, दोघांचे हात वेगवेगळे असले तरी बिघडत नाही. फक्त अंगठीचे माप घेताना ज्या हाताचे बोट, त्याच हाताचे माप द्यावे. ज्या हाताने आपण काम करतो त्याची बोटे दुसऱ्या हातापेक्षा किंचित जाड असतात, आणि हा फरक अंगठीच्या मापात जाणवतो.

प्रश्न: एका संदेशात असे वाचले की, अंगठा म्हणजे आई-वडील, तर्जनी म्हणजे भावंडे, मध्यमा म्हणजे आपण स्वतः, करंगळी म्हणजे मुले आणि अनामिका म्हणजे जोडीदार. दोन्ही हातांच्या मध्यमा दुमडून पाठीला पाठ लावल्या आणि बाकीच्या बोटांची टोके जुळवली, तर अनामिका तेवढ्या एकमेकींपासून सुटत नाहीत. करून पाहिले, खरोखर सुटत नाहीत. असे का होते?

उत्तर: हा प्रयोग मुलांसोबत अवश्य करावा, कारण त्यातून हाताची रचना फार छान समजते. बोटे सरळ करणारा एक सामाईक स्नायू कोपरापाशी सुरू होतो आणि मनगटाच्या पुढे त्याच्या चार दोऱ्या चार बोटांकडे जातात. हाताच्या पाठीवर या दोऱ्या आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि मध्यमा व अनामिका यांच्यातली जोडणी विशेष घट्ट असते. मध्यमा दुमडली की तिची दोरी पुढे ओढली जाते, तिच्यासोबत अनामिकेचीही अडकते, आणि बोट उचलायला ताकदच उरत नाही. तर्जनी आणि करंगळी यांना मात्र या सामाईक स्नायूशिवाय स्वतःचा एकेक वेगळा स्नायू असतो, आणि अंगठ्याची तर सगळी व्यवस्थाच निराळी, म्हणून ती बोटे सहज सुटतात. मध्यमा न दुमडता हाच प्रयोग केला तर अनामिकाही सुटतात.

आई-वडील, भावंडे आणि मुले ही वाटणी कोणी तरी नंतर या रचनेवर चढवलेली आहे. अनामिका एकटीने फारशी हलत नाही ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि अंगठीला ती मानवण्याचे तेही एक कारण आहे.

प्रश्न: माझा मुलगा अंगठ्यात अंगठी घालतो आणि त्याचा मित्र करंगळीत. घरातील वडीलधाऱ्यांना हे विचित्र वाटते. या बोटांना काही परंपरा आहे का?

उत्तर: आहे, आणि दोन्ही परंपरा कामातून आलेल्या आहेत.

अंगठ्यातील अंगठी हे धनुर्धराचे साधन होते. मंगोल, तुर्क, इराणी, चिनी आणि कोरियन धनुर्धर प्रत्यंचा अंगठ्याने ओढत. त्या ताणाने कातडी सोलवटू नये म्हणून ते हाड, शिंग किंवा दगडाची अंगठी घालत. तिची एक बाजू जिभेसारखी पुढे आलेली असे, प्रत्यंचा त्या जिभेमागे अडकवायची आणि बाण सोडताना ती गुळगुळीत कडेवरून घसरून जायची. धनुर्विद्या ज्या दरबारांत मानाची होती तेथे हे साधन दागिना बनले. शहाजहानसाठी घडवलेली जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि चीनमध्ये चिंग राजवटीतील सरदार जेडच्या गोल अंगठ्या अंगठ्यात मिरवत. भारतीय उपखंडातील स्त्रियांची आरसी, म्हणजे बारीक आरसा बसवलेली अंगठी, हीसुद्धा अंगठ्यातच घालतात, कारण तेथून चेहरा पाहणे सोयीचे पडते.

करंगळीची परंपरा मोहोरेची आहे. कुळाचे चिन्ह कोरलेली अंगठी गरम लाखेवर दाबली की कागदावर सही झाली, असा तो व्यवहार होता. ब्रिटिश उमराव घराण्यांत ही अंगठी डाव्या करंगळीत घालण्याचा प्रघात पडला. राजे तिसरे चार्ल्स यांच्या डाव्या करंगळीत ती आजही दिसते. इस्लामी परंपरेतही अंगठीचे मूळ मोहोरेत आहे: पैगंबर मुहंमद यांनी परकीय राजांना पाठवायच्या पत्रांवर उठवण्यासाठी चांदीची, नाव कोरलेली अंगठी करवून घेतली होती. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या, संग्रहांत ती करंगळीत घातल्याचा उल्लेख येतो, तर तर्जनी आणि मध्यमा यांत अंगठी घालण्यास मनाई केल्याचा उल्लेखही येतो. पोपची मोहोरेची अंगठी मात्र उजव्या अनामिकेत असते, आणि त्यांच्या कारकिर्दीनंतर ती निकामी केली जाते, जेणेकरून तिचा गैरवापर होऊ नये.

करंगळीतील अंगठ्यांपैकी मला सर्वांत जास्त भावते ती कॅनडातील अभियंत्यांची लोखंडी अंगठी. टोरोंटोचे प्राध्यापक हॉल्टेन यांनी १९२२ साली असा विचार मांडला की, नव्या अभियंत्यांना आपल्या कामाची जबाबदारी जाणवून देणारा एखादा विधी हवा. त्याचा मजकूर रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिला आणि पहिला समारंभ १९२५ साली माँट्रियल येथे झाला. ही अंगठी काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत घालतात, म्हणजे रेखाटताना किंवा सही करताना ती कागदाला घासते आणि प्रत्येक वेळी आपली आठवण करून देते. जुन्या धाटणीची अंगठी ठोकून घडवलेली, बाहेरून पैलूदार असते. वर्षानुवर्षे वापरून तिच्या कडा झिजत जातात, त्यामुळे ज्येष्ठ अभियंत्याची अंगठी कनिष्ठाच्या अंगठीपेक्षा गुळगुळीत असते. क्यूबेकचा पूल १९०७ साली बांधकाम चालू असताना कोसळून ७५ कामगार मृत्युमुखी पडले, त्याच पुलाच्या लोखंडातून पहिल्या अंगठ्या केल्या असे सर्रास सांगतात. ते खरे नाही. पण एवढी मोठी दुर्घटना त्या पिढीच्या मनात ताजी होती, हे लक्षात घेतले की ही दंतकथा का टिकली ते कळते.

अंगठ्यात घातली म्हणजे बंडखोर आणि करंगळीत घातली म्हणजे महत्त्वाकांक्षी, असे जे स्वभावाचे तक्ते हल्ली फिरतात, त्यांना यातील कोणत्याही परंपरेचा आधार नाही. आपल्या मुलाला धनुर्धरांची गोष्ट सांगावी, त्याला आवडेल.

प्रश्न: कोणत्या ग्रहाचा खडा कोणत्या बोटात घालावा? वेगवेगळे ज्योतिषी वेगवेगळे सांगतात.

उत्तर: परंपरेतील मुख्य जुळणी अशी आहे: तर्जनी गुरूची, म्हणून तिच्यात पुष्कराज, मध्यमा शनीची, म्हणून नीलम, अनामिका रवीची, म्हणून माणिक, आणि करंगळी बुधाची, म्हणून पाचू. युरोपातील हस्तसामुद्रिकातही बोटांची वाटणी नेमकी याच चार ग्रहांत केलेली आहे. मतभेद सुरू होतात ते उरलेल्या ग्रहांपाशी, कारण ग्रह नऊ आणि एका हाताला बोटे पाच. पोवळे बहुतेक जण अनामिकेत सांगतात, मोती कोणी करंगळीत तर कोणी अनामिकेत, आणि हिऱ्याबाबत एकमत नाहीच. आपल्याला वेगवेगळी उत्तरे मिळाली याचे कारण परंपरेतच ही जागा मोकळी आहे.

खडा बोटात घातल्याने आजार बरा होतो किंवा अडचण टळते याला पुरावा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रद्धेने कोणी घालत असेल तर त्याचा मी आदर करतो, परंतु खड्यासाठी कर्ज काढू नये आणि खड्याच्या भरवशावर औषध थांबवू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

बोट ठरवताना खड्याचा टिकाऊपणाही पाहावा. माणिक आणि नीलम हिऱ्याखालोखाल कठीण आहेत. पाचू कठीण असला तरी त्यात आतून तडे असतात आणि धक्का लागल्यास तो फुटतो. करंगळी हाताच्या कडेला असल्याने तेथे असे धक्के बसतातच. मोती आणि पोवळे तर फारच मऊ. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असल्यामुळे त्यांना आंबट पदार्थ, घाम आणि अत्तर यांचा त्रास होतो. ती कामाच्या हातात घालू नयेत आणि काढल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवावीत.

प्रश्न: हाताकडे पाहून समोरची व्यक्ती विवाहित आहे की नाही हे ओळखता येते का?

उत्तर: वर दिलेल्या रीती पाहता, खात्रीने नाही. आयर्लंडमधील क्लाडा अंगठीत मात्र हा संकेत ठरलेला आहे. तिच्यावर दोन हातांनी धरलेले हृदय आणि त्यावर मुकुट असतो. ती उजव्या हातात, हृदयाचे टोक नखाकडे करून घातली तर मन मोकळे आहे, मनगटाकडे केली तर कोणी तरी आयुष्यात आहे; डाव्या हातात टोक नखाकडे असल्यास वाग्दान झालेले, मनगटाकडे असल्यास विवाह झालेला.

प्रश्न: माझे पती दोन वर्षांपूर्वी गेले. लग्नाची अंगठी काढावी की नाही, काढल्यास कोठे ठेवावी, याविषयी प्रत्येक जण वेगळे सांगतो. काय करावे?

उत्तर: आपल्या दुःखात मी सहभागी आहे. याबाबत सर्वांना लागू होणारा नियम कोठेही नाही, आणि कोणी तो आहे असे सांगत असेल तर ते मनावर घेऊ नये. रशियात विवाहाची अंगठी उजव्या हातात असते आणि वैधव्यानंतर ती डाव्या हातात नेतात. जर्मनीत काही जण जोडीदाराची अंगठीही आपल्या अंगठीसोबत त्याच बोटात घालतात. कित्येक स्त्रिया ती साखळीत ओवून गळ्यात ठेवतात, आणि कित्येक ती शेवटपर्यंत जागची हलवत नाहीत. आपल्याला ती बोटात असल्याने बरे वाटत असेल तर ती तेथेच असू द्यावी, मुदत घालून घेऊ नये. पुढे कधी ती काढावीशी वाटली तर त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही.

प्रश्न: मी कारखान्यात यंत्रावर काम करतो. लग्नाची अंगठी कधीच काढू नये असे घरचे म्हणतात, आणि आता ती निघतही नाही.

उत्तर: काम करताना ती काढलीच पाहिजे. फिरत्या भागात किंवा शिडीच्या खिळ्यात अंगठी अडकली आणि शरीराचा भार तिच्यावर आला, तर बोटाची कातडी, रक्तवाहिन्या आणि कधी कधी पूर्ण बोटच ओढले जाते. विजेच्या कामात धातूची अंगठी भाजण्यास कारण होते. ताण आल्यास तुटणारी सिलिकॉनची अंगठी कामाच्या वेळी घालता येते.

अडकलेली अंगठी काढण्यासाठी हात थोडा वेळ हृदयाच्या वर उचलून धरावा, बोट गार पाण्यात ठेवावे आणि साबण किंवा तेल लावून अंगठी ओढण्याऐवजी फिरवत फिरवत पुढे आणावी. तरीही सांध्यावर अडत असेल तर जाड, गुळगुळीत दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून मनगटाच्या बाजूला काढावे, उरलेला दोरा अंगठीपासून सांध्याच्या पुढेपर्यंत बोटाभोवती सलग आणि घट्ट गुंडाळावा, आणि मग मनगटाकडचे टोक धरून तो उलगडत न्यावा. वेटोळी सुटतील तशी अंगठी त्यांच्यावरून पुढे सरकते. बोट निळे पडले असेल, बधिर झाले असेल किंवा फार सुजले असेल, तर हा प्रयत्न न करता थेट रुग्णालयात जावे. तेथे अंगठी कापण्याचे छोटे हत्यार असते, आणि कापलेली अंगठी सोनार पुन्हा सांधून देतो.